दोनशे किलोमीटरचा हिशेब

लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमांत पहिल्या क्रमांकाला किंमत नसते, वेळेत पोहोचण्याला असते. 'ब्रेव्हे' म्हणजे नेमके काय, त्याची तयारी कशी करावी आणि अर्ध्यातून मागे कधी फिरावे, याचा हा आढावा.

रविवारची पहाट. पनवेलजवळचा पळस्पे फाटा मागे पडला की मुंबई-गोवा महामार्गावर मालमोटारींच्या कडेने लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्यांची एक वेगळीच रांग दिसू लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण ओलांडून ही रांग कर्नाळ्याच्या खिंडीत शिरते. डाव्या हाताला किल्ल्याचा तो ओळखीचा सुळका अंधारातून हळूहळू वेगळा होत असतो. कोणी नवी मुंबईहून आलेला असतो, कोणी ठाण्याहून, तर कोणी मध्यरात्रीच घर सोडून दादरहून. बहुतेकांना खिंडीपलीकडे चहा घेऊन परतावयाचे असते. काहींच्या मनात मात्र एक मोठा आकडा घर करून असतो. तो आकडा म्हणजे दोनशे.

एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालविणे ही गोष्ट सामान्य माणसाला अचाट वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी लागणारी ताकद बहुतेक निरोगी माणसांना काही महिन्यांत कमावता येते. कमी पडतो तो हिशेब. वेळेचा, अन्नाचा, झोपेचा आणि कुठे थांबावे याचा. पहिल्या प्रयत्नात अपयशी ठरणारे अनेकजण पायांमुळे नव्हे, तर या हिशेबातील चुकीमुळे मागे पडतात.

शर्यत नव्हे, मग काय?

आपल्याकडे सायकलस्पर्धा म्हटले की मुंबई-पुणे शर्यत डोळ्यांसमोर येते. पनवेल, खोपोली आणि बोरघाट या मार्गाने जाणाऱ्या त्या शर्यतीने कैक दशके रस्त्याच्या दुतर्फा गर्दी खेचली. तेथे घाटमाथ्यावर आधी कोण पोहोचला, हाच प्रश्न. दुसरा प्रकार सायक्लोथॉनचा. शहरातील रस्ते काही तास बंद ठेवून हजारो हौशी लोकांनी वीस-तीस किलोमीटर फेरी मारावयाची, असे त्याचे स्वरूप असते.

ब्रेव्हे हा तिसरा प्रकार. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ प्रमाणपत्र असा आहे. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अशी त्यातील प्रमुख अंतरे. ती अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत पूर्ण करावयाची. या चारही पायऱ्या एकाच हंगामात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात, चढणाऱ्यास 'सुपर रँदोनर' म्हटले जाते. सात तासांत आलेला आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनी आलेला, दोघांची नोंद सारखीच. पहिला, दुसरा, तिसरा असे काही नसते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. वारीत पंढरपूरला आधी कोण पोहोचला, असे कोणी विचारीत नाही. नाशिकचे सायकलस्वार पंढरपूरपर्यंत सायकल वारी काढतात, त्यामागची भावना हीच. फरक एवढाच, की वारीत दिंडी सोबत असते आणि मुक्काम ठरलेले असतात. ब्रेव्हेत प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावयाचा असतो.

नियमांचा गाभाही तोच आहे. मार्गावर ठराविक ठिकाणी 'कंट्रोल' म्हणजे नोंदणीची ठिकाणे असतात. तेथे आपल्याजवळच्या कार्डावर शिक्का किंवा वेळेची नोंद घ्यावी लागते. हे कार्ड हरवले, तर सारा प्रवास वाया. मित्राची मोटार मागे ठेवून तिच्यातून पाणी-खाणे घेणे चालत नाही. बाहेरची मदत घ्यावयाची तर ती केवळ कंट्रोलवर. वाटेतल्या टपरीवरून, दुकानातून काही विकत घेण्यास मात्र मुभा असते, कारण ती सोय सर्वांना सारखीच उपलब्ध असते. पंक्चर झाले तर ते स्वतः काढावयाचे. सहस्वाराने हात दिला तर हरकत नाही.

रोम, पॅरिस आणि एक वृत्तपत्र

या उपक्रमाची मुळे सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत. १८९७ मध्ये इटलीतील काही सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत कापले. अशा धाडसी मंडळींना 'ऑडॅक्स' हे नाव मिळाले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच धाडसी असा आहे. तूर द फ्रान्सचे जनक हेन्री देग्रांज यांनी १९०४ मध्ये ही कल्पना फ्रान्समध्ये रुजविली. प्रारंभी सर्वांनी म्होरक्याच्या मागे, ठरलेल्या वेगाने, एकत्र जावयाचे अशी पद्धत होती. १९२१ पासून ज्याने त्याने आपापल्या वेगाने जाण्याची मुभा देणारे ब्रेव्हे सुरू झाले. आज जगभर रुळली आहे ती हीच पद्धत. पॅरिसचा 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियन' या ब्रेव्हेंच्या निकालांवर शिक्कामोर्तब करतो, तर भारतातील समन्वयाचे काम 'ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स' ही संस्था पाहते.

या साऱ्याचा मुकुटमणी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. 'ल पती जर्नाल' या वृत्तपत्राने १८९१ मध्ये ती प्रथम भरविली, ती सायकल हे भरवशाचे वाहन आहे हे सिद्ध करण्यासाठी. शार्ल तेराँ याने जवळजवळ न झोपता सुमारे बाराशे किलोमीटरचे हे अंतर ७१ तास २२ मिनिटांत कापले. त्याच्या सायकलीला हवा भरलेले टायर होते, ही त्या काळी नवलाईची गोष्ट. आज शर्यतीचे रूप मागे पडले असून दर चार वर्षांनी हजारो सायकलस्वार नव्वद तासांच्या मुदतीत तेच अंतर कापू पाहतात. २०१९ मध्ये भारतातून शेकडो जण तेथे गेले. त्यातील अनेकांना मुदत गाठता आली नाही, हेही नमूद करावयास हवे. थंडी, वारा आणि सतत चढ-उताराचा रस्ता यांनी सपाटीवरच्या तयारीचा कस काढला. २०२३ नंतरचे त्याचे वर्ष २०२७ हे आहे.

ब्रेव्हेच्याही पलीकडे जाणारी मराठी माणसे आहेत. अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा असे सुमारे ४,८०० किलोमीटरचे 'रेस अॅक्रॉस अमेरिका' नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण केले. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच वाट एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. त्यांच्यासोबत मदतीचे पथक असते आणि ती खरीखुरी शर्यत असते. मात्र एवढ्या लांबवर जाण्याचा सराव अखेर दोनशे-तीनशेच्या पल्ल्यांतूनच होतो.

तेरा तास तीस मिनिटे

साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही पुरेसे नाहीत का? कागदावर जवळजवळ पुरेसे आहेत. फसगत होते ती येथेच. घड्याळ सुरू झाले की ते थांबत नाही. चहा, न्याहारी, पंक्चर, रेल्वे फाटक, छायाचित्रे सारे त्यातच मोजले जाते.

समजा, सायकल चालू असताना आपला सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर आहे. दोनशे किलोमीटरला सुमारे ११ तास ७ मिनिटे लागतील. उरतात २ तास २३ मिनिटे. वेग २० असेल तर साडेतीन तास हाती राहतात, २२ असेल तर सुमारे चार तास पंचवीस मिनिटे. वेग वाढविण्यासाठी महिनोन् महिने घाम गाळावा लागतो. थांबण्याचा वेळ मात्र निश्चय केला तर त्याच दिवशी कमी करता येतो.

याचा धडा प्रस्तुत लेखकाने स्वतःच गिरविला आहे. पनवेलजवळून सुरू होऊन त्याच रस्त्याने परतणाऱ्या एका दोनशेच्या पल्ल्यात तो पहाटे सहाला निघाला. सायकलवर प्रत्यक्ष गेलेला वेळ होता साडेनऊ तास, म्हणजे वेग ताशी एकवीसच्या आसपास. पेणला न्याहारीत चाळीस मिनिटे, नागोठण्याला उसाचा रस, जेवणानंतर झाडाखाली 'पाचच मिनिटे' म्हणून घेतलेली डुलकी, अशा थांब्यांची बेरीज झाली चार तास वीस मिनिटे. सायंकाळी सव्वासातला कर्नाळ्याची खिंड आली तेव्हा सुमारे बारा किलोमीटर उरले होते आणि हाती मिनिटे होती पंधरा. सकाळी ज्या चढाची दखलही घेतली नव्हती, तो त्या अंधारात संपता संपेना. शेवटच्या टेबलाशी पोहोचलो तेव्हा मुदत उलटून वीस मिनिटे झाली होती. कार्ड परत देणारे गृहस्थ एवढेच म्हणाले, "पाय चांगले आहेत तुमचे. घड्याळ सांभाळा."

ही वेळ येऊ नये म्हणून कंट्रोलच्या वेळा आधीच लिहून हॅण्डलवर चिकटविण्याची पद्धत आहे. शंभर किलोमीटरवरचे कंट्रोल साधारणतः सुरुवातीपासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होते. सहाला निघालेल्याने दुपारी १२ वाजून ४० मिनिटांपूर्वी तेथे पोहोचलेच पाहिजे. शहाण्या माणसाने मात्र निदान दीड तास आधी पोहोचण्याचा संकल्प सोडावा. दुपारचे ऊन आणि परतीचा वारा हे पहिल्या शंभरात हिशेबात धरलेले नसतात.

खिंडीत काय उमगते?

पळस्पे ते रायगड जिल्ह्यातील इंदापूर हे अंतर ८४ किलोमीटर. जाऊन-येऊन १६८. म्हणजे दोनशेच्या पल्ल्यासाठी माणगावच्याही पुढे जाऊन परतावे लागते. या रस्त्यावर कर्नाळ्याची खिंड सुरुवातीलाच येते, पुढे नागोठण्यानंतर सुकेळीची. दोन्ही चढ बोरघाटाच्या तुलनेत किरकोळ. तरीही सरावासाठी त्यांचे मोल मोठे आहे, कारण सपाटीचे आणि चढाचे गणित वेगळे असते.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी वीसवरून पंचवीसवर जाताना वेग सव्वापट होतो, पण केवळ हवेशी झगडण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. तारा गाव ओलांडून खारपाड्याकडे उतरताना, पुढे पातळगंगेच्या पुलावर आणि पेणच्या मोकळ्या शेतांतून जाताना वारा समोरून आला की हे सूत्र पायांना कळते. म्हणूनच लांब पल्ल्यावर चार-पाच जण एकामागे एक जातात आणि पुढचा आलटून पालटून बदलतात. मागच्याचे कष्ट लक्षणीय कमी होतात. अर्थात अनोळखी माणसाच्या चाकाला चाक भिडवून जाणे धोक्याचे. त्याने अचानक ब्रेक दाबला तर सावरावयास जागा राहत नाही.

चढावर हवेचा प्रश्न गौण ठरतो आणि वजन पुढे येते. तेथे हलका गिअर टाकून पायडल भराभर फिरवावेत. जड गिअरवर रेटून चढणाऱ्याचे गुडघे शंभरानंतर तक्रार करू लागतात. खिंडीत श्वास एवढाच चढू द्यावा, की शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता यावे. वाक्य तुटू लागले की गिअर उतरवावा. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

कर्नाळ्यात आणखी एक भान ठेवावे लागते. हे १९६८ पासूनचे पक्षी अभयारण्य आहे आणि महामार्ग त्याच्या कुशीतून जातो. पहाटे शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ ऐकू येते ती येथेच. सायकलला स्पीकर बांधून गाणी वाजवीत जाणे, केळीच्या साली आणि पाकिटे फेकणे, माकडांना खाऊ घालणे या गोष्टी आपल्या छंदाला शोभणाऱ्या नाहीत.

शरीराचा इंधनसाठा

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास भरतो. मध्यम वेगाने सायकल चालविणारा माणूस ताशी चारशे ते सहाशे कॅलरी खर्च करतो. शरीर चरबीही जाळते, पण ती सावकाश. न खाता दामटत राहिल्यास चार-पाच तासांत एकाएकी हातपाय गळतात, चिडचिड होते, साधी बेरीज जमत नाही. त्या अवस्थेत पोहोचल्यावर खाल्लेले अन्न कामी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो.

म्हणून भूक लागण्याआधी खावे आणि थोडे थोडे खावे. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ हे सर्वसाधारण प्रमाण. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. दोन केळी, किंवा एक केळे आणि चिक्कीचा तुकडा, एवढे एका तासाला पुरे. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ, इडली हे आपले पदार्थ परदेशी पाकिटांपेक्षा कमी नाहीत. वडापाव आणि मिसळ यांचा मोह मात्र परतल्यावर पुरवावा. तळकट पदार्थ पचावयास वेळ घेतात आणि तेवढा वेळ रक्त पायांऐवजी पोटाकडे धावते.

कोकणच्या दमट हवेत घाम गळतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. पाण्याबरोबर मीठही जाते. तासन् तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून डोके गरगरणे, मळमळ, गोंधळ अशी लक्षणे दिसू शकतात आणि ती जीवघेणीही ठरू शकतात. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले कोकम सरबत, ही सोय उत्तम. त्या दिवशी नवे काहीही खाऊ-पिऊ नये, हा नियम तर सुवर्णाक्षरांत लिहून ठेवावा असा.

लाखाची सायकल हवीच का?

नको. बऱ्या स्थितीतील, गिअर असलेली आणि आपल्या मापाची सायकल दोनशेसाठी पुरते. माप मात्र चुकता कामा नये. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात, फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे घसरते. हॅण्डलवर फार भार आला की करंगळी व अनामिका बधिर होऊ लागतात. तळहातातील मज्जातंतूवर सतत दाब पडल्याचे ते लक्षण असते. हातांची जागा दर काही मिनिटांनी बदलावी.

सोबत दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, पाने आणि साखळीची जोडकडी एवढे असावे. ते वापरता येणे अधिक महत्त्वाचे. घराच्या अंगणात मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव चार-पाच वेळा केला, तर महामार्गाच्या कडेला ते काम पंधरा मिनिटांत होते. न केला तर तासभर जातो आणि हिशेब पुन्हा कोलमडतो.

रात्र, झोप आणि महामार्ग

तीनशेपासून पुढे रात्र अटळ होते. पुढे पांढरा आणि मागे स्थिर जळणारा तांबडा दिवा, प्रकाश परावर्तित करणारा अंगरखा आणि हेल्मेट यांवाचून ब्रेव्हेत रात्री पुढे जाऊ दिले जात नाही. हा नियम जाचक वाटणाऱ्याने एकदा मालमोटारीच्या चालकाच्या शेजारी बसून अंधारातील सायकल पाहावी.

आपले महामार्ग सायकलसाठी बांधलेले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर तर सायकलला बंदीच आहे. उरलेल्या रस्त्यांवर खड्डे, पुलांच्या सांध्यांतील फटी आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी यांचा सामना करावा लागतो. पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हा या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने त्याची किंमत मोजली आहे. ब्रेव्हेसाठी रस्ता बंद ठेवला जात नाही. सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी स्वाराचीच असते, असे लिहून घेतले जाते. नाव नोंदविण्यापूर्वी घरच्यांसमोर ते वाक्य मोठ्याने वाचावे.

सर्वांत मोठा शत्रू वाहन नव्हे, झोप आहे. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान मेंदू काही सेकंदांसाठी परस्पर मिटतो आणि माणसाला ते कळतही नाही. ताशी वीस किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत सायकल सुमारे सतरा मीटर पुढे गेलेली असते. चहा, कॉफी, मोठ्याने गाणे हे उपाय तात्पुरते. पेट्रोल पंपाच्या उजेडात वीस मिनिटे आडवे होणे हाच खरा उपाय. चाळीस तासांच्या सहाशेत तर झोपेचे दोन-तीन तास आधीच हिशेबात धरावे लागतात.

मागे फिरण्याचे बळ

या उपक्रमात एक संक्षिप्त शब्द वारंवार ऐकू येतो, 'डीएनएफ'. पल्ला अपुरा राहिलेल्यांच्या नावापुढे तो लागतो. नवख्याला तो डाग वाटतो. त्या भीतीपोटी माणसे छातीत कळ येत असताना, डोळे मिटत असताना, दिव्याची बॅटरी संपलेली असताना पुढे रेटतात. खरी जोखीम तेथे असते. छातीत दुखणे, घाम थांबणे, गोंधळल्यासारखे होणे, डोळ्यांवर ताबा न राहणे यांतील एक जरी लक्षण दिसले तर उतरावे आणि आयोजकांना कळवावे. सायकल टेम्पोत टाकून घरी यावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रस्ता पुढच्या महिन्यातही तेथेच असतो.

प्रस्तुत लेखकाने त्यानंतर दोन महिन्यांनी तोच पल्ला पुन्हा घेतला. पाय तेच होते, सायकलही तीच. बदलला होता तो हॅण्डलवर चिकटविलेला कागदाचा चिटोरा, ज्यावर प्रत्येक थांब्याची मिनिटे लिहिलेली होती. कर्नाळ्याच्या खिंडीत या वेळी सायंकाळचे सहा वाजत होते. सुळका पुन्हा काळोखात बुडण्याच्या बेतात होता. हाती दीड तास होता आणि वाट बारा किलोमीटरची. चढावर थांबून पाणी पिण्याइतकी सवड प्रथमच मिळाली.

पहिल्या दोनशेपूर्वी

- दर आठवड्याचे अंतर सुमारे दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. सलग १२० ते १३० किलोमीटर सहज जमू लागले की दोनशेचा विचार करावा.
- चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून नाव नोंदवू नये.
- सरावातील एक तरी फेरी पहाटेच्या अंधारात, पूर्ण सामानासह करावी.
- पहिला पल्ला हिवाळ्यात घ्यावा. कोकणातील पावसाळा आणि एप्रिल-मेचे ऊन अनुभवींसाठी ठेवावे.
- कंट्रोलच्या वेळा व थांब्यांची मिनिटे लिहून समोर ठेवावीत. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, नेहमी एकाच खिशात असावे.
- घरच्या एका व्यक्तीजवळ मार्ग, वेळा आणि आयोजकांचा दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा.